देवमासा, दशावतार आणि डबल बास: साहित्यकृतींवरचे मेटल अल्बम कसे ऐकावेत

जत्रेत दशावतार बघायला बसलेल्या माणसाला गोष्ट पाठ असते. शेवटी कोण जिंकणार, कोणाचा वध होणार, सगळं ठाऊक. तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत, कारण पुढे काय होतं ते बघायला ती आलेलीच नसतात. आजची कंपनी ते कसं उभं करते, हे बघायला ती आलेली असतात. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात.

अभिजात साहित्यावर बेतलेले हेवी मेटल अल्बम ऐकायला हीच सवय लागते, आणि ती कोकणातल्या माणसाच्या अंगात आधीच मुरलेली आहे. रत्नागिरी, कुडाळ, चिपळूण, अलिबागकडची कितीतरी मुलं मेटल ऐकतात, पण एकेक गाणं सुटं करून. कन्सेप्ट अल्बम तसा ऐकला तर त्याचा अर्धा जीव निघून जातो. त्यातली सगळी गाणी मिळून एक आख्यान होतं. ते आख्यान तुम्हाला आधी माहीत असेल तर गिटार, ड्रम आणि गळा त्याचं काय करतात ते ऐकू येतं. नाहीतर नुसता गोंगाट पोचतो. म्हणून आधी पुस्तक आणि मग अल्बम. पुढची सगळी वाट या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिली पायरी: वेळ आणि सामान

वेळ पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, भातलावणीतून घरी आलं की संध्याकाळ मोकळी सापडते. तासभर सलग बसता येईल अशी जागा बघा. पत्र्याखाली बसणार असाल तर साध्या स्पीकरचा उपयोग नाही. पावसाच्या आवाजात खालचे सूर, म्हणजे बास आणि ड्रमची लाथ, पार बुडतात. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. ते महागडे असलेच पाहिजेत असं नाही, पण कानाभोवती नीट बसले पाहिजेत.

लाईट जाणार आणि रेंजही जाणार, हे धरूनच चाला. अल्बम आदल्या दिवशी उतरवून ठेवा. ॲपमधलं शफल बंद करा. क्रॉसफेड नावाची एक सोय असते, तीही बंद करा, कारण ती एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळते. ज्या अल्बममध्ये दोन गाण्यांमधली शांतताही मुद्दाम ठेवलेली असते तिथे हे फार नडतं. फुकटच्या खात्यात मध्येच जाहिरात वाजते. अशा अल्बमसाठी ते चालणार नाही.

आवाजाचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत कानाला सोसतो. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. मेटल मोठ्यानेच ऐकायचं असतं, हा समज सोडा. चांगला ध्वनिमुद्रित अल्बम बेताच्या आवाजातही पूर्ण कळतो.

पुस्तकांचा प्रश्न सोपा आहे. जुनी इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. छापील प्रत हवी असेल तर गावच्या वाचनालयात विचारा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. अशा जुन्या वाचनालयांच्या कपाटांत काय काय निघेल, सांगता येत नाही.

दुसरी पायरी: एक कविता, एक गाणं

अख्ख्या अल्बमला हात घालण्याआधी एका गाण्यावर हात बसवा. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडच्या १९८४ सालच्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमचं शेवटचं गाणं म्हणजे ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’. लांबी १३ मिनिटांहून जास्त. मूळ कविता सॅम्युअल टेलर कोलरिजची, १७९८ साली छापलेली. सात भाग आहेत, अर्ध्या तासात वाचून होते.

गोष्ट अशी: लग्नाला निघालेल्या एका पाहुण्याला म्हातारा खलाशी अडवतो आणि आपली कहाणी ऐकवतो. त्याने काही कारण नसताना अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी मारला. मग वारा पडला, गलबत जागच्या जागी थिजलं, पाणी संपलं, सोबतचे सगळे खलाशी मेले, आणि हा एकटा जिवंत राहिला. पुढे पाण्यातल्या सापांकडे बघताना त्याच्या तोंडून नकळत आशीर्वाद निघतो आणि शाप सैल होतो.

कविता वाचून झाली की गाणं लावा, आणि एका जागेवर नेम धरून बसा. गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं. गिटारची धाव संपते, ड्रम गप्प होतात, लाकडी गलबताची करकर ऐकू येते, बासचे थोडे सूर रेंगाळतात, आणि कोलरिजच्या ओळी गाऊन नव्हे, बोलून दाखवलेल्या ऐकू येतात. कवितेत वारा पडला तिथे बँडने आपलाच वारा पाडला. शिडाच्या होडीवर ज्यांनी दिवस काढलेत त्या जुन्या माणसांना विचारा, वारा पडणं म्हणजे काय असतं. ती भीती तुफानाच्या भीतीहून वेगळी, करायला काहीच नसल्याची. बँडचा बासवादक स्टीव्ह हॅरिस याने हे गाणं रचताना ती ओळखली असावी, म्हणूनच हा भाग इतका लांब आहे. मग संगीत पुन्हा हळूहळू भरत जातं, आणि गलबत हललं हे शब्दांआधी कानाला कळतं.

पुस्तकातला प्रसंग आणि आवाजातला बदल यांची अशी गाठ सापडणं, हे या ऐकण्याचं सगळ्यात मोठं सुख आहे. एकदा ती सापडली की पुढच्या प्रत्येक अल्बमात तुम्ही आपसूक तिच्या मागावर राहाल.

तिसरी पायरी: एक पुस्तक, दोन अल्बम

आता मोठं काम. हर्मन मेल्व्हिलची ‘मोबी-डिक’ ही १८५१ सालची कादंबरी. पांढऱ्या देवमाशाने ज्याचा पाय तोडला तो कप्तान अहाब सूडापायी अख्खं जहाज आणि त्यावरची माणसं विनाशाकडे नेतो. जिवंत राहतो फक्त गोष्ट सांगणारा इश्माएल, तोही मित्रासाठी बनवलेल्या शवपेटीवर तरंगत. हे आख्यान समुद्रकाठच्या वाचकाने सोडू नये. व्हेलच्या उलटीच्या तस्करीच्या बातम्या आपण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पेपरात सारख्या वाचतो. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या त्याच अंबरग्रीसवर मेल्व्हिलने अख्खं ९२वं प्रकरण खर्ची घातलंय. आजारी माशाच्या पोटातली घाण आणि श्रीमंतांच्या अंगावरचं अत्तर एकच, याचं त्याला नवल वाटतं. (१९७२च्या वन्यजीव कायद्याने हा मासा संरक्षित आहे. किनाऱ्यावर असं काही सापडलं तर वनखात्याला कळवायचं, घरी न्यायचं नाही.) नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू लागलं, ते वाचवायला माणसं राबली आणि तरी ते गेलं. ते ज्यांनी पाहिलं त्यांना या कादंबरीतल्या जनावराचा आकार वेगळा समजवावा लागणार नाही.

कादंबरी १३५ प्रकरणांची आहे, वर उपसंहार. सगळी वाचलीत तर उत्तमच. नाही जमली तर अल्बमसाठी एवढी प्रकरणं सोडू नका: पहिलं, ८ आणि ९, त्यात फादर मॅपल गलबताच्या नाळेसारख्या व्यासपीठावर दोरशिडीने चढतो, शिडी वर ओढून घेतो आणि माशाच्या पोटात गेलेल्या योनाची कथा सांगतो, ३६, त्यात अहाब डोलकाठीला सोन्याचं नाणं ठोकून सगळ्यांकडून शपथ घेतो, ४२, पांढऱ्या रंगाच्या भीतीवरचं, ५५, देवमाशांच्या चुकीच्या चित्रांवरचं, आणि शेवटची तीन, १३३ ते १३५, तीन दिवसांच्या पाठलागाची.

पहिला अल्बम मॅस्टोडॉनचा ‘लेव्हायथन’, २००४ सालचा. बँड अमेरिकेतल्या अटलांटाचा. पाऊण तासाचा अल्बम आहे. मुखपृष्ठावर पॉल रोमानोने रंगवलेला पांढरा देवमासा आहे. ते चित्र फोनच्या चिमुकल्या चौकोनात नको, मोठं करून बघा. अल्बम पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर घेऊ नका. पहिल्या ‘ब्लड अँड थंडर’ची सुरुवात एकट्या गिटारच्या रिफने, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीने होते, मग सगळा बँड एकदम अंगावर येतो, आणि तिथून अल्बम फारसा दम खाऊ देत नाही. ब्रॅन डेलरचे ड्रम नुसता ठेका धरत नाहीत, ते सतत फिरत आणि उसळत राहतात. पाय रोवावा तर खालचा तक्ता हलतो, अशी ती जमीन आहे.

दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. मेटल आर्काइव्ज या संकेतस्थळावर बहुतेक अल्बमचे शब्द मिळतात. इथे एक गोष्ट ध्यानात येईल: ‘लेव्हायथन’ कादंबरी क्रमाने सांगत नाही. अहाबचं वेड, शिकार, समुद्राचा धाक हे तो उचलतो आणि बाकीचं सोडतो. ‘मेगालोडॉन’ तर प्राचीन शार्कवर आहे, तो मासा कादंबरीत नाहीच. शेवटचा ‘जोसेफ मेरिक’ हा शब्दांविना वाजणारा तुकडाही कादंबरीबाहेरचा. मेरिक म्हणजे ‘एलिफंट मॅन’ म्हणून ओळखला गेलेला माणूस. या बँडने आपल्या सुरुवातीच्या अल्बमांच्या शेवटी त्याची आठवण ठेवली आहे. त्याआधीचं ‘हार्ट्स अलाइव्ह’ १३ मिनिटांहून लांब आहे. १३५वं प्रकरण वाचून लगेच ते लावा. माझ्या मते या अल्बममधली सगळ्यात खोल जागा तीच.

दुसरा अल्बम जर्मनीच्या अहाब या बँडचा, ‘द कॉल ऑफ द रेच्ड सी’, २००६. कप्तानाचंच नाव घेतलेला बँड. प्रकार फ्यूनरल डूम, म्हणजे अतिशय संथ, जड मेटल. एक सूर वाजतो, तो विरेपर्यंत बँड थांबतो, मग दुसरा. सात गाण्यांना तासाहून जास्त वेळ लागतो. ‘द सर्मन’ आणि ‘ऑफ द मॉन्स्ट्रस पिक्चर्स ऑफ व्हेल्स’ ही नावं सरळ ९व्या आणि ५५व्या प्रकरणांची शीर्षकं आहेत. ‘अहाब्ज ओथ’ लावण्याआधी ३६वं प्रकरण वाचा.

दोन्ही अल्बम एकाच आठवड्यात ऐका आणि वही घ्या. डाव्या बाजूला प्रसंग, मध्ये मॅस्टोडॉनने काय केलं, उजवीकडे अहाब बँडने काय केलं. लांबलचक लिहू नका. ‘इथे ड्रम थांबले’, ‘इथे आवाज एकदम स्वच्छ झाला’ एवढं पुरे. दोन पानं भरली की लक्षात येईल की मॅस्टोडॉनने होडीत बसून कादंबरी सांगितली आणि अहाबने पाण्याखालून. पहिल्यात माणसाचा सूड आहे, दुसऱ्यात समुद्राला त्या सूडाची फिकीरच नाही. मेल्व्हिलच्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी आहेत, आणि पुस्तक वाचताना त्या इतक्या सुट्या दिसत नाहीत. हे दोन अल्बम ऐकून कादंबरी परत उघडली की ती वेगळी वाचली जाते, याची मी खात्री देतो.

ग्राउलपाशी अडलात तर

बरेच जण इथेच परत फिरतात, म्हणून थोडं थांबतो. तो गुरगुरणारा आवाज म्हणजे घसा फाडून ओरडणं नव्हे. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. पोटातून आलेला श्वास आवरून धरत त्या थरथरवल्या की तो खरखरीत, खोल आवाज निघतो. वर्षानुवर्षं रियाज करून गायक तो कमावतात. कोकणातल्या श्रोत्यासाठी माझा सल्ला साधा आहे: दशावतारात राक्षसपार्टी रंगमंचावर येते तेव्हा तो नट काय आवाज लावतो, आठवा. मृदंग-झांजेच्या कल्लोळातून त्याची आरोळी येते तेव्हा आपण शब्द शोधत नाही, कोण आलं ते ओळखतो. ग्राउल तसाच ऐका: हे पात्र कोणाचं, ते कुठून बोलतंय. अहाब बँडच्या गायकाचा तळाचा आवाज कधी कप्तानाचा वाटतो, कधी देवमाशाचा. शब्द दुसऱ्या फेरीत वाचता येतात.

चौथी पायरी: आपलं आख्यान

मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचा २०१७ सालचा अल्बम आहे ‘दशावतार’. दहा अवतार, दहा गाणी, शब्द इंग्रजी. मत्स्यापासून सुरुवात, कल्कीवर शेवट. या अल्बमसाठी तुम्हाला पुस्तक शोधावं लागणार नाही, तरी मूळ उघडाच. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात वराह, सातव्यात नृसिंह, आठव्यात कूर्म, वामन आणि मत्स्य, नवव्यात परशुराम आणि राम, दहाव्यात कृष्ण.

मग रंगमंचावरचा दशावतार आठवून अल्बम ऐका. आपल्याकडे आधी आडदशावतार होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग वेद पळवणारा काळ्या वेशातला संकासुर, मालवणीत बोलून सगळ्यांना हसवणारा. त्यानंतर त्या रात्रीचं आख्यान. आपल्या रंगमंचावर मत्स्यावताराचा शत्रू विनोदी आहे. अल्बममधली पहिली भेट मात्र गंभीर आणि भव्य आहे. एकाच कथेचे हे दोन स्वभाव शेजारी ठेवले की मेटल कोणती गोष्ट उचलू शकतं आणि कोणती त्याच्या हातून निसटते, हे स्पष्ट होतं. राक्षसाचं बळ, युद्ध, संहार यांत मेटल तरबेज. राक्षसाशी गप्पा मारायला त्याच्याकडे सवड नाही, ती दशावताराकडे आहे.

परशुरामाच्या गाण्याला जरा जास्त वेळ द्या. चिपळूणजवळच्या परशुरामच्या देवळात गेलेल्या प्रत्येकाला समुद्र मागे हटवून कोकण वसवल्याची कथा ठाऊक असते. ती कथा मनात ठेवून गाण्यातला परशू ऐका, आणि वहीत लिहा की तुमच्या मनातला परशुराम आणि त्यांचा परशुराम कुठे एक होतात.

हा अल्बम घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवून बघण्यासारखा आहे. सगळा नको, एखादंच गाणं, आवाज कमी ठेवून, आणि आधी सांगून की हा नृसिंह आहे. खांब फुटतो ती जागा ती तुमच्याआधी ओळखतील.

पाचवी पायरी: आवडीप्रमाणे पुढे

नाटक आवडत असेल तर ‘मॅकबेथ’ घ्या. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ वाचलेलं असेल तर पाया झालाच. जॅग पँझरचा ‘थेन टू द थ्रोन’ (२०००) आणि जर्मनीच्या रेबेलियनचा ‘अ ट्रॅजेडी इन स्टील’ (२००२), दोन्ही त्याच नाटकावर. पुन्हा वहीचे तीन रकाने.

मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’वर (१६६७) सिंफनी एक्सचा त्याच नावाचा अल्बम २००७ सालचा. बारा सर्ग वाचायचं धैर्य होत नसेल तर पहिले दोन वाचा, सैतानाचा सगळा रुबाब तिथे आहे. दान्तेसाठी ब्राझीलच्या सेपुल्तुराचा ‘दान्ते २१’ (२००६). मूळ काव्य ‘डिव्हाइन कॉमेडी’ १०० सर्गांचं, पण अल्बम आटोपशीर आहे, आणि नरकातून स्वर्गाकडे जाताना मध्ये छोटे वाद्यतुकडे उंबरठ्यासारखे येतात. ग्योथेच्या ‘फाउस्ट’वर कॅमेलॉटचे दोन अल्बम, ‘एपिका’ (२००३) आणि ‘द ब्लॅक हॅलो’ (२००५). क्रम उलटा करू नका. यांत बहुतेक स्वच्छ गळ्याचं गाणं आहे, त्यामुळे ग्राउल अजून पचत नसेल त्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल.

एक शिफारस मात्र आग्रहाने करतो: फिनलंडच्या अमॉर्फिसचा ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ (१९९४). तो ‘कालेवाला’वर आहे. एलियास लोनरोटने खेड्यापाड्यांत फिरून लोकांच्या तोंडची गाणी गोळा केली आणि १८३५ साली त्यांचं महाकाव्य छापलं. याच बँडचा ‘एलेजी’ (१९९६) हा ‘कांतेलेतार’ या त्याच्याच लोकगीतसंग्रहावर. जात्यावरच्या ओव्या ज्या घरात अजून कोणाला येतात, तिथे हे दोन अल्बम ऐकताना वही दुसऱ्याच कामाला लागते. त्या ओव्या आधी लिहून घ्या.

सहावी पायरी: स्वतः करायचं झालं तर

गावात गिटार, ड्रम आणि एक गळा जमत असेल तर पुढचा पावसाळा वाया घालवू नका. अख्खं पुस्तक घेऊ नका, एक आख्यान घ्या, आणि त्यातले चारच प्रसंग. प्रत्येक मुख्य पात्राला एक रिफ ठरवा. तो रिफ पात्र हरलं की संथ करा, फसवायला लागलं की एक सूर बदला. शब्द सगळ्यात शेवटी, आणि मराठीत. मालवणी येत असेल तर मालवणीत, कारण तिचे आघात ड्रमवर छान बसतात. ‘राइम’मधल्यासारखी एक जागा अशी ठेवा जिथे सगळं वाजणं थांबेल, आणि ती कथेतल्या खऱ्या वळणावरच ठेवा. शब्द न सांगता दशावताराच्या एखाद्या जुन्या नटाला ते ऐकवा आणि विचारा, आता कोण आलं. त्याला ओळखता आलं नाही तर रिफ बदला.